बुवा बोलतो म्हणजे नक्की काय करतो

आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस चप्पल काढता काढताच विचारतो, "बोलतो का हो?" आणि बुवा नेमका तेव्हाच मौनव्रत घेऊन बसतो, एका पायावर, डोळे अर्धे मिटून. पाहुणे तासभर शिट्ट्या मारून, "मिठू मिठू" करून कंटाळतात, निघतात, आणि बाहेरच्या गेटची कडी वाजली रे वाजली की आतनं सासूबाईंच्या हुबेहूब आवाजात येतं, "या हं परत, सावकाश जावा." सासूबाई शेजारी निवांत चहा पीत बसलेल्या असतात.

बुवा म्हणजे आफ्रिकन ग्रे पोपट. अंगाला भस्म फासल्यासारखा राखाडी, डोळ्यांभोवती पांढरी कातडी आणि शेपटी मात्र लालभडक, म्हणून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हे नाव ठेवलं. २०१७ साली माझ्या दिरानं हौसेनं आणला, पुढच्या वर्षी त्याची बदली झाली बंगळूरला, तिथं फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांनी आवाजाची कटकट केली आणि बुवा मिरजेला आमच्याकडं आला तो कायमचाच.

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला विचारलं की असला पोपट कुठं मिळतो, कितीला पडतो आणि किती दिवसांत बोलायला लागतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देत नाही. तिसऱ्याचं द्यायला लागले की लांबत जातं, कारण कधी बोलतो हे सांगायचं तर तो मुळात बोलतोच कशाला हे सांगावं लागतं, म्हणून इथं एकदाच सगळं लिहून टाकते.

तर हा पक्षी मूळचा मध्य आफ्रिकेचा. घाना, नायजेरिया, कॅमेरून, गॅबन, काँगो करत करत थेट युगांडा आणि केनियाच्या पश्चिम टोकापर्यंत, विषुववृत्ताच्या आजूबाजूचं दाट पावसाचं जंगल हे त्याचं घर. लांबी साधारण ३३ सेंटिमीटर, वजन ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या हळदीच्या पुडीएवढा ऐवज. त्याच्या पश्चिमेला लायबेरिया, सिएरा लिओनच्या बाजूला टिमनेह म्हणून त्याचा चुलतभाऊ राहतो, तो जरा लहान आणि शेपटी काळपट मरून रंगाची, आधी दोघांना एकच जात धरायचे आता वेगळी धरतात. शेपटीच्या लाल रंगाची पण गंमत आहे. आपल्या उजनी धरणावर येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, गुलाबी होतात ते खाण्यातल्या रंगामुळं, पोपटाचं तसं नाही, तो हा रंग स्वतःच्या शरीरातच बनवतो, त्यामुळं कोणी दुकानदार म्हणाला की बीट खायला घाला म्हणजे शेपटी अजून लाल होईल, तर हसून सोडून द्या.

जंगलातला याचा दिवस कसा असतो बघा. रात्री शेकडो, काही ठिकाणी हजारो पक्षी उंच झाडांवर एकत्र झोपायला येतात. पहाटे कल्लोळ करून छोट्या छोट्या टोळ्यांनी पांगतात, तेलमाडाची फळं खातात, बिया फोडतात, मधनंच जंगलातल्या मोकळ्या चिखलाच्या जागी उतरून माती खातात, त्यातनं क्षार मिळतात. संध्याकाळी परत सगळे एकत्र. आपला साधा हिरवा पोपटही असाच, सांगलीच्या आमराईत दिवेलागणीला जाऊन उभं राहा, बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही.

आता अशा जंगलात दहा फुटांवरचा जोडीदार पानांमुळं दिसत नाही. मग एकमेकांना धरून राहायचं कसं? आवाजानं. मी हितं आहे, तू कुठं आहेस, बास एवढंच दिवसभर चालू असतं. ऊस तोडायला गेलेली माणसं फडात एकमेकांना दिसत नाहीत पण हाका देत राहतात ना, तसंच. आणि ज्या टोळीत राहायचं त्या टोळीची हाक शिकून घ्यायची, म्हणजे तो आपला. काँगोत, तेव्हा त्याला झाईर म्हणायचे, जंगलातल्या ग्रे पोपटांचं रेकॉर्डिंग करून १९९३ साली एक अभ्यास छापून आला, त्यात हे पोपट दुसऱ्या नऊ जातींच्या पक्ष्यांच्या आणि चक्क एका वटवाघळाच्या आवाजाची नक्कल करताना सापडले. म्हणजे नक्कल करणं माणसानं पिंजऱ्यात शिकवलेली कला नाहीच, हे घराणं आधीपासूनच चालू आहे.

आवाज काढतो कसा हे सांगायला मला मिरजेत राहायचा फायदा होतो. आमच्या मागच्या गल्लीत तंबोऱ्याचं काम चालतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला ते तुम्ही वाचलं असेल, आमच्या गल्लीत मात्र ते आवाज जन्मापासूनचे. तर तंबोऱ्यात तार आहे, ती थरथरते, पण नुसत्या तारेचा आवाज किरटा, त्याला गोलाई देतो खालचा भोपळा, आणि तो झणकार येतो जवारीमुळं, म्हणजे तार घोडीवर जिथं टेकते ती जागा कारागीर घासून घासून जुळवतो त्यामुळं. पोपटाचं असंच धरा. आपली स्वरयंत्राची पेटी गळ्यात वर असते, पक्ष्याची खाली छातीत, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथं. तिथले पडदे थरथरतात ती झाली तार. वर श्वासनळी, घसा, तोंड हा भोपळा. आणि पोपटाची जाड मांसल जीभ, ती जरा पुढंमागं, वरखाली केली की आवाजाची जात बदलते, आपण आ चा ई करतो तशी. बाकी बहुतेक पक्ष्यांना जिभेची ही कारागिरी जमत नाही. पोपटाला ओठ नाहीत तरी बुवा "पप्पा" एवढं स्वच्छ म्हणतो की माझी मुलगी आतल्या खोलीतनं बोलली असंच वाटतं. मागच्या गल्लीतल्या तंबोऱ्याची खुंटी पिळताना सूर जो हळूहळू चढत जातो ना, तोही तो करतो, आणि मध्येच जिथं कारागीर थांबतो तिथं थांबतो.

यावरनं आठवलं, पोपटाला हिरवी मिरची खायला घातली की जीभ सैल होते आणि तो बोलायला लागतो असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. मिरचीचा न् बोलण्याचा काही संबंध नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, ज्या द्रव्यानं आपल्या तोंडाची आग होते ते त्यांच्या नसांना जाणवत नाही, म्हणून तर मिरचीच्या बिया पक्षी लांब लांब पसरवतात. बुवा लवंगी मिरची काकडीसारखी खातो. आणि जीभ घासायची वगैरे जे अघोरी प्रकार काही लोक सांगतात ते कृपा करून करू नका.

पण यंत्र असून भागत नाही, डोकं लागतं. कुत्र्याचं पिल्लू एकटं वाढवलं तरी भुंकतं, ते त्याला शिकावं लागत नाही. ऐकून नवीन आवाज शिकणं ही फार थोड्या प्राण्यांना आलेली गोष्ट आहे, माणूस, देवमासे आणि डॉल्फिन, हत्ती, वटवाघळं, सील, आणि पक्ष्यांत गाणारे पक्षी, हमिंगबर्ड आणि पोपट. त्यातही पोपटाच्या मेंदूत आवाज शिकायची जी केंद्रं आहेत त्यांच्याभोवती अजून एक कवच असल्यासारखा भाग असतो, तो गाणाऱ्या पक्ष्यांत आणि हमिंगबर्डमध्ये नाही, हे २०१५ च्या एका अभ्यासात पुढं आलं. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की नकलेतलं पोपटांचं कौशल्य या जादा भागामुळं असावं.

मग त्याला अर्थ कळतो का? इथं अ‍ॅलेक्सची गोष्ट सांगायलाच पाहिजे. आयरीन पेपरबर्ग नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७७ मध्ये शिकागोतल्या एका पेट शॉपमधनं वर्षभराचा एक ग्रे पोपट घेतला, खास निवडून नाही, कुठलाही एक द्या म्हणून, आणि पुढची ३० वर्षं त्याला शिकवलं. शिकवायची पद्धत मला फार आवडते. पोपटासमोर दोन माणसं बसायची, एकानं वस्तू दाखवून विचारायचं हे काय, दुसऱ्यानं बरोबर सांगितलं की ती वस्तू त्याला मिळणार. पोपटाला दिसायचं की हा गडी नाव घेतोय आणि माल घेऊन जातोय. झालं, ईर्षा! आपल्या पोरांना शेजारच्याचं बघून अभ्यासाची हुक्की येते तसंच. अ‍ॅलेक्स शंभरावर शब्द शिकला, रंग सांगायचा, आकार सांगायचा, सहापर्यंत मोजायचा, दोन वस्तूंत सारखं काय न् वेगळं काय ते सांगायचा, आणि काहीच वेगळं नसेल तर "नन" म्हणायचा, म्हणजे इंग्रजीत "काहीच नाही". २००७ मध्ये तो गेला, वय ३१, त्याच्या जातीच्या मानानं लवकरच.

आमचा बुवा अ‍ॅलेक्स नाही. पण गॅसच्या लायटरचा आवाज झाला की "वहिनी, चहा" म्हणतो, तेही दिराच्या आवाजात. चहा म्हणजे काय हे त्याला आपल्यासारखं कळतं असं मी म्हणणार नाही. त्याला एवढं नक्की कळलंय की या आवाजानंतर हे शब्द आले की स्वयंपाकघरात माणसं जमतात. आणि माणसं जमणं हीच त्याला हवी असलेली गोष्ट आहे. हे मला खरं कळलं ते २०१९ च्या पुरात.

ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माहेरचे सगळे आमच्याकडं आले, आई-बाबा, भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि वहिनीची आई. आम्ही चौघं धरून अकरा माणसं, तीन खोल्या, लाईट कधी असायची कधी नसायची, आणि दर तासाला कोणीतरी कोणालातरी फोनवर विचारायचं, "आयर्विनला किती फूट?" म्हणजे आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती. आम्ही सगळे काळजीनं अर्धे झालो होतो, आईचं सगळं घर पाण्यात, आणि हा बुवा मात्र एवढा खूश मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. सकाळपासून रात्रीपर्यंत बडबड. पोरांच्या खांद्यावर, बाबांच्या टकलावर, अकरा जणांची टोळी मिळाली होती ना त्याला. चार-पाच दिवसांत तो "किती फूट?" शिकला. काळजीच्या सुरासकट शिकला.

पाणी उतरलं, सगळे घर साफ करायला गेले, नवरा कामाला, मुलगी शाळेत, मी माझ्या कामाला, सासूबाई तिकडं आईच्या मदतीला. दिवसभर बुवा एकटा. साधारण दहा-बारा दिवसांनी पिंजऱ्याखाली राखाडी पिसं दिसायला लागली, मला वाटलं मोसम असेल, पिसं झडतात. मग एका दुपारी लवकर आले तर हा रिकाम्या हॉलकडं तोंड करून "किती फूट? किती फूट?" म्हणतोय आणि मध्ये मध्ये मान वाकवून छातीवरचं एक एक पीस उपटून खाली टाकतोय. छाती उघडी पडली होती.

पिसं उपटणं हा पाळलेल्या ग्रे पोपटांचा नेहमीचा आजार आहे. कारणं बरीच असतात, त्वचेचा रोग, यकृताचा त्रास, चुकीचं खाणं, कोरडी हवा, म्हणून आधी डॉक्टर, मग मानसशास्त्र. पक्ष्यांचं कळणारा डॉक्टर जवळपास मिळायला आम्हाला बरीच फोनाफोनी करावी लागली, गाईम्हशींचे डॉक्टर पायलीला पन्नास, पोपट म्हटलं की हात जोडतात. शेवटी रक्त तपासलं तर कॅल्शियम कमी निघालं. ही पण या जातीची खोड, ग्रे पोपटांना कॅल्शियम कमी पडायचा त्रास जास्त होतो, फार झालं तर थरथरतात, फिट येते. आम्ही तोवर काय देत होतो तर सूर्यफुलाच्या बिया, कारण विकणाऱ्यानं सांगितलं होतं बास एवढंच खातो. सूर्यफूल म्हणजे त्याच्यासाठी भडंग, चवीला भारी, पण तीन वेळा भडंग खाऊन कोण जगतं? चरबी भरपूर, कॅल्शियम न् अ जीवनसत्त्व नाममात्र. आता मोड आलेले मूग-हरभरे, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, मक्याचं कणीस, आटपाडीकडचं डाळिंब, तासगावची द्राक्षं पण ती फार धुऊन आणि मोजकी, आणि गॅलरीत जाळीच्या आत सकाळचं कोवळं ऊन, काचेतनं आलेलं नव्हे, कारण काच नेमके उपयोगाचे किरण अडवते. खाणं सुधारल्यावर निम्मा फरक पडला. उरलेला निम्मा फरक सासूबाई परत आल्यावर पडला.

थोडक्यात सांगायचं तर तुम्ही त्याला पाळत नाही, तो तुम्हाला टोळीत घेतो आणि टोळीतला एक बाहेर गेला की हाका मारत बसतो. मराठीत मारतो कारण आमची टोळी मराठी आहे. इंग्लंडात लिंकनशायरच्या एका पक्षीघरात २०२० मध्ये पाच ग्रे पोपट एकत्र ठेवले होते, ते एकमेकांचं बघून शिव्या द्यायला लागले, शिवी आली की लोक हसायचे, हसले की हे अजून द्यायचे, शेवटी पाचांना वेगवेगळं ठेवावं लागलं. आमच्याकडं "काय लका!" पर्यंत प्रकरण थांबलंय, ते दूधवाल्याकडनं शिकला, त्यावर कोणी हसायचं नाही असा घरात नियम आहे.

टोळीशी इमान किती असतं याचाही प्रयोग झालाय, २०२० मध्येच छापून आला. खिडकीतनं माणसाला टोकन दिलं की अक्रोड मिळतो हे ग्रे पोपटांना शिकवलं. मग एकाकडं टोकनं ठेवली पण त्याची खिडकी बंद, शेजारच्याची खिडकी उघडी पण त्याच्याकडं टोकन नाही. तर पहिल्यानं आपली टोकनं चोचीनं शेजारच्याला दिली, स्वतःला काही मिळणार नाही हे दिसत असूनही. मकाव जातीच्या पोपटांवर हाच प्रयोग केला, त्यांनी नाही दिली.

घरात ठेवायचं म्हणजे बारीकसारीक बरंच बघावं लागतं, भराभर सांगते. नॉनस्टिक भांडी आम्ही काढून टाकली, रिकामा तवा फार तापला की त्या लेपातनं जो वायू सुटतो तो आपल्याला कळतही नाही आणि पक्षी मात्र काही मिनिटांत मरू शकतो, कारण श्वासातल्या हवेत जे असेल ते त्याची फुफ्फुसं आपल्यापेक्षा जास्त शोषून घेतात. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, खारवलेलं काही द्यायचं नाही, म्हणजे बुवा चहा मागतो पण त्याला चहा मिळत नाही, फक्त माणसं मिळतात. विषुववृत्तावर रात्र बारा तासांची असते म्हणून झोप दहा-बारा तास, आठ वाजता पिंजऱ्यावर चादर आणि टीव्हीचा आवाज कमी, मालिका बघणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा. अंगातनं पांढरी पावडर सारखी झडते, घरात कोणाला दमा असेल तर विषय तिथंच संपवा. पोपटांपासून माणसाला होणारा तापाचा एक आजार आहे, सिटॅकोसिस, पिंजरा साफ केला की हात धुवायचे आणि ताप-खोकला लांबला तर डॉक्टरला घरी पोपट आहे हे सांगायचं. लाड करायचे तर डोक्यावर आणि मानेवरच, पाठीवरनं हात फिरवला की त्याला आपण जोडीदार वाटायला लागतो, मग तो घरातल्या बाकीच्यांना चावतो. आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, कारण जंगलात आजारी दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी गेला, म्हणून हा पक्षी शेवटपर्यंत ठणठणीत असल्याचं नाटक करतो.

आता हे पक्षी दुकानात आले कुठनं ते. १९७५ पासून पुढच्या चाळीसेक वर्षांत नुसत्या कागदोपत्री व्यापारात १३ लाखांहून जास्त ग्रे पोपट आफ्रिकेच्या जंगलातनं पकडून परदेशी पाठवले गेले. पकडायची पद्धत म्हणजे फांद्यांना चिकट डिंक लावायचा आणि पाळलेला एक पोपट तिथं बांधायचा, तो हाक मारतो, बाकीचे येतात. ज्या हाकेवर सगळी टोळी चालते तीच हाक वापरून टोळी धरायची. वाटेत मेलेले त्या आकड्यात नाहीत. घानात १९९२ नंतर हे पोपट ९० ते ९९ टक्के घटले. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला आंतरराष्ट्रीय परिषदेत हा पक्षी साईट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावर लगाम घालणाऱ्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात टाकला आणि २०१७ पासून जंगलातनं पकडलेल्याचा परदेशी व्यापार बंद झाला. आता विकतात ते पैदाशीचे, निदान सांगतात तरी तसं.

कायद्याचंही सांगते कारण इथं सगळ्यात जास्त गोंधळ आहे. आपला देशी हिरवा पोपट, आजीच्या काळी घरोघरी असायचा तो, पकडणं, विकणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, जत्रेत कोणी विकत असला तरी. आफ्रिकन ग्रे सारखा परदेशी पाळता येतो पण नोंद लागते. दिराला विकणारा म्हणाला होता, "कागद-बिगद काय लागत नाही हो दादा," आणि आम्हीही शहाणे, ऐकलं. २०२० मध्ये केंद्र सरकारनं परदेशी प्राणी स्वतःहून जाहीर करायची योजना काढली तेव्हा धावपळ करून नाव घातलं. पुढं २०२२ च्या दुरुस्तीनं साईट्समधले प्राणी कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आले आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. म्हणजे बुवाचं कागदी काम आता माझ्या स्कूटीपेक्षा जास्त आहे.

आणि वय. हे पक्षी चांगले सांभाळले तर चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतात. सासूबाई बहात्तरच्या, मी चव्वेचाळीसची, हिशोब तुम्हीच करा. मागे जेवताना नवरा सहज म्हणाला की आपल्यानंतर याचं काय, तर मुलगी ताटातनं मान न उचलता म्हणाली, "माझ्याकडं येईल की, पण मला नोकरी कुठं लागते बघू दे." दहावीतली पोरगी, तिची स्थळं बघताना पोपट चालेल का विचारावं लागणार.

ज्या तिघांनी विचारलं होतं त्यांच्यासाठी आणि अजून कोणाच्या मनात असेल तर, पैसे द्यायच्या आधी एकदा संध्याकाळी सहा ते आठ आमच्याकडं येऊन बसा. ती त्याची टोळी गोळा करायची वेळ. तो बोलणार नाही, पण कुकरच्या चार शिट्ट्या, रिव्हर्स घेणारा टेम्पो आणि तंबोऱ्याची खुंटी हे सगळं कानाशी येऊन पूर्ण आवाजात करेल, दोन तास, न थांबता. चहा मी देते. आणि पावसाळ्यात आलात तर "किती फूट?" विचारलं की काहीतरी आकडा सांगा, उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहतो.